सबवूफरच्या बॉक्समध्येच अ‍ॅम्प बसवायचा असेल तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. सांगलीत विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये तुम्ही १८ मिमी प्लायचा सबवूफर स्वतः बनवलाय. बाहेरून ४० × ४० × ४२ सेंटिमीटर, गाडीतला बारा इंची ४ ओहमचा ड्रायव्हर (म्हणजे नुसता स्पीकर), आणि चार इंची पीव्हीसी पाइपचा ३० सेंटिमीटर लांब पोर्ट, म्हणजे हवा आत-बाहेर जायची वाट. सध्या तो एका जुन्या वेगळ्या अ‍ॅम्पवर चालतो. टीव्हीखाली वायरींचा गुंता नको म्हणून मागची फळी कापून अ‍ॅम्प आतच बसवायचा बेत आहे. तर बोर्ड कुठला घ्यावा, ट्रान्सफॉर्मर केवढा, आणि हम (स्पीकरमधली सततची गुणगुण) येईल का?

बोर्डाचं नंतर बघू. आधी तो जिगसॉ खाली ठेवा, कारण मागच्या फळीला एकदा मोठं भोक पडलं की बॉक्स पहिल्यासारखा होत नाही. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या घरगुती सबांमध्ये बोर्ड चुकीचा निवडला म्हणून मेलेले कमी असतात. अ‍ॅम्प बॉक्सच्या हवेत उघडा लटकवला म्हणून मेलेलेच जास्त. ड्रायव्हरचा बारा इंची कोन (पुढचा हलणारा पडदा) जिथं हवा दाबतो आणि ओढतो, ती जागा इलेक्ट्रॉनिक्ससाठी सगळ्यात वाईट. त्यामुळं माझं एकच म्हणणं आहे: अ‍ॅम्पला स्पीकरच्या हवेपासून पूर्ण बंद असा स्वतःचा वेगळा कप्पा द्या. तो आत द्यायचा की बाहेर, हे बॉक्सच्या लिटरवर ठरतं.

तुमच्याच मापांवर हिशेब करू. दोन्ही बाजूंच्या फळ्या वजा केल्या की आतलं माप ३६.४ × ३६.४ × ३८.४ सेंटिमीटर राहतं, म्हणजे जेमतेम ५१ लिटर. त्यातले साधारण ३ लिटर ड्रायव्हरचा मॅग्नेट आणि बास्केट खातात, दीडेक लिटर आतल्या आधाराच्या पट्ट्या, आणि जवळपास ३ लिटर खुद्द पाइप. उरली साडेत्रेचाळीस लिटर हवा. एवढ्या हवेला १० सेंटिमीटर आतल्या व्यासाचा, ३० सेंटिमीटरचा पोर्ट लावला की ट्यूनिंग, म्हणजे पोर्टमधली हवा ज्या सुराला घुमते तो सूर, ३८ हर्ट्झच्या आसपास येतं. गाडीच्या ड्रायव्हरला घरात हे ठीकठाक आहे.

आता यात अ‍ॅम्पचा कप्पा घाला. ट्रान्सफॉर्मर, फिल्टर कपॅसिटर आणि बोर्ड मावायचे तर बाहेरून २८ × २२ × १३ सेंटिमीटरचा तरी लागेल. ८ लिटर गेले, पस्तीस-साडेपस्तीस राहिले, आणि ट्यूनिंग ३८ वरून ४२ हर्ट्झवर चढलं. कागदावर चारच हर्ट्झ दिसतात, पण ऐकताना खालचा बेस कमी होतो आणि मधली धबधब वाढते. मग लोक बोर्डाला शिव्या देतात. परत ३८ वर आणायचं तर पाइप ३० ऐवजी ३८ सेंटिमीटरचा हवा, आणि तुमच्या बॉक्सची आतली खोलीच ३८.४ आहे! पाइप मागच्या फळीला टेकला, संपलं. पाइपच्या आतल्या तोंडापुढं निदान त्याच्या व्यासाएवढी मोकळी जागा लागते. एल्बो लावून पाइप वळवता येतो, पण एल्बोसुद्धा हवा खातोच.

म्हणून तुमच्या तयार बॉक्सला मी आतून हात लावणार नाही. मागच्या फळीवर बाहेरूनच ४० × ४० चा, १२ सेंटिमीटर खोलीचा कप्पा चढवा. १२ मिमी प्लाय पुरतो. बॉक्स ४२ चा ५४ होईल, पण मूळ मागची फळी जशीच्या तशी राहील, एक लिटरही हवा जाणार नाही, आणि वायरींचा गुंता सुटायचा तो सुटेलच. बाहेरून बघणाऱ्याला तो एकच बॉक्स दिसतो. सनमायका किंवा व्हिनाइल एकत्र चढवलं तर सांधासुद्धा दिसत नाही. टीव्ही युनिटमध्ये ५४ खोली बसत नसेल तर कप्पा खाली घ्या, उंची वाढेल. फक्त मग २३० व्होल्टचं सॉकेट फरशीपासून वर राहील असं बघा. आपल्याकडं फरशी रोज पुसली जाते, आणि पोछा सॉकेट बघून थांबत नाही.

ज्यांनी अजून फळ्या कापलेल्या नाहीत त्यांनी मात्र कप्पा खुशाल आत घ्यावा. ८ लिटरचा कप्पा धरला असेल तर याच रुंदी-उंचीच्या बॉक्सची खोली ६ सेंटिमीटरनं वाढवली की भरपाई झाली. पाच बाजूंचा खोका मागच्या फळीला आतून फेव्हिकॉल आणि स्क्रूनं जोडायचा, आणि सगळ्या सांध्यांवर आतून फेव्हिकॉलचा जाड थर ओढायचा. हे काम मागची फळी बसवायच्या आधी करा, नाहीतर ड्रायव्हरच्या भोकातून हात घालून सांधे भरायची शिक्षा होते.

कप्पा आत असो की बाहेर, स्पीकरची वायर बॉक्समध्ये जाते ती भोकातून नुसती ओढू नका. ५ मिमीचे दोन पितळी बोल्ट फळीतून आरपार घाला, दोन्हीकडं वॉशर-नट आणि रिंग टर्मिनल, आणि भोवती एम-सील. वायर काढता येते आणि हवाही गळत नाही. नुसत्या भोकात वायर घालून वर सिलिकॉन थापलेला असतो तो वर्षभरात वायर हलून सुटतो.

हवा गळण्यावर थोडं सांगायला हवं, कारण बाजारात मिळणारे प्लेट अ‍ॅम्प सरळ मागच्या फळीत बसवायचेच असतात. पुढं अ‍ॅल्युमिनियमची किंवा पत्र्याची प्लेट, मागं उघडा बोर्ड. प्लेटच्या कडेला गास्केट लावून लोक निर्धास्त होतात. पण व्हॉल्यूमच्या नॉबच्या दांडीभोवती, आरसीए (ऑडिओ वायरीच्या) सॉकेटच्या मधून, फेजच्या (सिग्नल उलटा-सुलटा करायच्या) सरकत्या स्विचच्या खाचेतून हवा ये-जा करतच असते. हळू आवाजात कळत नाही. सिनेमात स्फोट झाला की मागून ‘फुर्र’ येतं, आणि माणूस ड्रायव्हर फाटला म्हणून घेऊन येतो. शोधायचं असेल तर मोबाइलवरून ३५-४० हर्ट्झचा टोन लावा आणि पेटती उदबत्ती प्लेटच्या कडेनं, नॉबांभोवती फिरवा. जिथं धुराची सरळ रेघ थरथरायला लागेल तिथं गळती. पोर्ट नसलेला सीलबंद बॉक्स असेल तर कोन सगळीकडून सारखा, हलक्या हातानं आत दाबून सोडला तरी अंदाज येतो: सावकाश वर आला तर बॉक्स घट्ट आहे, झटकन आला तर कुठंतरी श्वास घेतोय. तुमच्या बॉक्सला ही परीक्षा लागू नाही, पोर्ट म्हणजे मुद्दाम ठेवलेलं भोकच.

हवेपेक्षा जास्त नुकसान करतो तो हादरा. ‘मधेच बंद पडतो, वरून थाप मारली की चालू होतो’ अशी तक्रार घेऊन आलेला कुठलाही घरगुती सब घ्या. बोर्ड उलटा करायचा आणि भिंगातून मोठ्या कपॅसिटरचे पाय बघायचे. सोल्डरच्या चकचकीत टेकाडात पायाभोवती केसाएवढी बारीक करडी गोल रेघ दिसते. पाय आणि सोल्डर तिथं सुटलेले असतात. नुसते टेकलेले असतात म्हणून थापेला चालू होतो. १०,००० मायक्रोफॅरड ६३ व्होल्टचा कपॅसिटर अंगठ्याहून जाड असतो आणि दोन बारीक पायांवर उभा असतो. त्याला तासन् तास हलवलं तर दुसरं काय होणार? म्हणून बोर्ड बसवायच्या आधी मोठे कपॅसिटर, कॉइल, रिले, उभे राहणारे मोठे रेझिस्टर बुडाशी चिकटवून घ्या. सिलिकॉन वापरायचा तर न्यूट्रल क्युअरचा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारा स्वस्तातला सिलिकॉन तांबं खातो. वर्षभरानं ट्रॅक हिरवे पडलेले दिसतात. ग्लू गन चालते, पण हीट सिंकजवळ नको, उन्हाळ्यात तो डिंक मऊ होतो. सगळ्या बोल्टांना नायलॉनवाले नट, नाहीतर स्प्रिंग वॉशर. बोर्डाखाली रबराचे बूच. बाहेरच्या कप्प्यात हादरा थोडा कमी बसतो, पण बसतो; यातलं काही गाळू नका.

टोरॉइडल, म्हणजे गोल कड्यासारखा ट्रान्सफॉर्मर घेणार असाल तर एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. त्याच्या मधून जाणारा बोल्ट एका टोकाला प्लेटला लागलेला असतो. त्याच बोल्टचं दुसरं टोक धातूच्या झाकणाला किंवा पट्टीला टेकलं, आणि ती पट्टी पुन्हा प्लेटला जोडलेली असली, तर बोल्ट, पट्टी आणि प्लेट मिळून एक शॉर्ट झालेला वेढा तयार होतो. सेकंडरी (बाहेर व्होल्ट देणारं वाइंडिंग) मोकळी असली तरी ट्रान्सफॉर्मर तापून जळतो. हादऱ्यानं पट्टी सैल होऊन टेकते तेव्हाही हेच होतं. लाकडी कप्प्यात लाकडावरच बसवा, खाली-वर रबर वॉशर, आणि बोल्ट माफक आवळा. फार आवळला तर वाइंडिंग दबतं.

लाकडाचं एक जाता जाता. मागं कप्पा आला की वजन वाढतं आणि मागची फळी आपोआप ताठ होते, हा फुकटचा फायदा. आपल्या शेजारी मिरजेत सतारमेकर भोपळा निवडतात तो घुमावा म्हणून. इथं उलट, फळी जेवढी मुकी तेवढा बेस स्वच्छ. बोटानं वाजवून बघा, ‘टक्’ यायला हवं. एमडीएफ कापायला सोपा आणि कडा सुबक येतात हे खरं, पण ओल लागली की फुगतो आणि परत बसत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर सांगलीत एमडीएफच्या बॉक्सांचं काय झालं ते ज्यांनी बघितलं, ते आता वॉटरप्रूफ प्लायच मागतात.

आता बोर्ड. जाहिरातीतले वॅट बाजूला ठेवा आणि सप्लायचे व्होल्ट बघा. मोबाइल-ब्लूटूथवाले जे छोटे क्लास डी बोर्ड मिळतात, टीपीए ३११६ वगैरे, त्यांचं आउटपुट ब्रिज असतं, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात. त्यांना सप्लायच्या व्होल्टच्या वर्गाला स्पीकरच्या ओहमच्या दुपटीनं भागलं की वरची मर्यादा मिळते. १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आणि ४ ओहम म्हणजे १४४ भागिले ८, १८ वॅट. बोर्डावर ‘१०० वॅट’ छापलेलं असलं तरी १८ च. तोच बोर्ड २४ व्होल्टवर ७२ पर्यंत जातो, तोटा धरून साठेक वॅट स्वच्छ मिळतात. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरवाले बॅटरीवर बारा व्होल्टचा बोर्ड लावतात आणि बेस का येत नाही विचारतात, त्याचं उत्तरही हेच. व्होल्टच नाहीत तर वॅट कुठून येणार? गाडीचे मोठे अ‍ॅम्प आत १२ चे व्होल्ट वाढवून घेतात म्हणून ते दणकतात.

तुमच्यापुढं दोन रस्ते आहेत. पहिला, असाच क्लास डी बोर्ड मोनो जोडणीत, आणि एलईडी पट्ट्यांसाठी मिळतो तो २४ व्होल्ट ६ अँपिअरचा एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय). तापत कमी, वजन नाही, ट्रान्सफॉर्मरचा हम नाही. बोर्डाची कमाल मर्यादा २६ व्होल्ट आहे, त्यामुळं एसएमपीएसचा छोटा पिवळा किंवा निळा स्क्रू फिरवून व्होल्ट वाढवायचा मोह टाळा. आणि एसएमपीएसचं अर्थिंग जोडाच, नाहीतर कप्प्याच्या मागच्या धातूच्या प्लेटला हात लागला की झिणझिण्या येतात.

दुसरा रस्ता जुना, पण मला आवडतो तो. टीडीए ७२९४ ची आयसी, साधा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) आणि मोठे कपॅसिटर. बिघडला तर इथल्या इथं कुणीही दुरुस्त करतो. इथं चूक होते ती ट्रान्सफॉर्मरमध्ये. दुकानदार हमखास २८-०-२८ पुढं करतो, ‘जास्त व्होल्ट, जास्त पॉवर’. या आयसीला ८ ओहमवर ±३५ आणि ४ ओहमवर ±२७ व्होल्ट असा हिशेब आहे, आणि दोन्हीकडं मिळते ती कमाल ताकद सारखीच, सत्तरेक वॅट. तुमचा ड्रायव्हर ४ ओहमचा, म्हणजे २०-०-२० लागेल: २० गुणिले १.४१ म्हणजे २८, डायोडमध्ये एक गेला, राहिले २७. २८-०-२८ घेतला तर ±३९ होतात, आणि रात्री उशिरा लाइन २५० व्होल्टला गेली की ±४२. जास्तीत जास्त सहन करायची मर्यादा ±५० आहे म्हणून आयसी लगेच मरत नाही. मोठ्या ठोक्याला तिचं संरक्षण मधे पडतं आणि ‘खर्रर’ असा तुटका आवाज येतो. तेव्हा २०-०-२०, ४ अँपिअर. दोन आयसी ब्रिज करून दुप्पट काढायचा विचार ४ ओहमवर करू नका, ब्रिजला निदान ८ ओहम लागतात. ड्रायव्हर ४+४ चा दुहेरी कॉइलवाला असेल तर दोन्ही कॉइल सिरीजमध्ये लावून ८ करता येतात, मग चालेल.

सत्तर वॅट कमी वाटतात का? ड्रायव्हर ८७ डीबीचा (एक वॅटला, एक मीटरवर) धरला तर सत्तर वॅटला एक मीटरवर १०५ डीबीच्या आसपास जातो. फ्लॅटमध्ये त्याच्या वर गेलात तर शेजारी दार वाजवतील. ५२०० आणि १९४३ नंबरच्या ट्रान्झिस्टरांच्या जोड्या लावलेले दोनशे-तीनशे वॅटचे बोर्ड मिळतात, पण त्या ट्रान्झिस्टरांमध्ये नकलीचा सुळसुळाट आहे, आणि तेवढी ताकद मंडळासाठी ठीक, दिवाणखान्यासाठी नाही.

टीडीए घेतलात तर उष्णतेचा विचार करावा लागतो. ±२७ आणि ४ ओहमला वाईटात वाईट अवस्थेत आयसी ३७ वॅट नुसती उष्णता म्हणून टाकते. गाण्याला सरासरी बरीच कमी, पण एप्रिल-मेमध्ये आपला पारा चाळिशीला टेकलेला असतो आणि बंद खोलीत सुरुवातच तिथून होते. ३ मिमीची सपाट अ‍ॅल्युमिनियम प्लेट एकटी पुरत नाही. तिला बाहेरून पंखांचं हीट सिंक लावा, पंख उभे. आडवे लावले तर गरम हवा त्यांच्यात अडकून बसते. कुपवाड एमआयडीसीत शीट मेटलवाल्याकडून प्लेट भोकांसकट कापून घेतलीत तर घरच्या ड्रिलपेक्षा काम कितीतरी सुबक होतं. भिंत आणि हीट सिंक यांच्यात चार इंच सोडा, पडदा वर पडू देऊ नका. कप्पा स्पीकरच्या हवेपासून वेगळा असल्यामुळं त्याला खाली आणि वर खाचा पाडता येतात. त्यांना आतून बारीक स्टीलची जाळी लावा. झुरळं आणि पाली उबदार जागा शोधतात, आणि २३० व्होल्टवर आडवी पडलेली पाल फ्यूजसकट बोर्ड घेऊन जाते.

या आयसीची धातूची पाठ उणे सप्लायला जोडलेली असते, हे विसरू नका. अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लॅस्टिकचं बूच लावल्याशिवाय प्लेटला लावली तर प्लेटवर उणे २७ व्होल्ट आले. लावून झाल्यावर मल्टीमीटर बझरवर ठेवून आयसीची पाठ आणि प्लेट तपासा. वाजला तर अभ्रक फाटलंय, किंवा पत्र्याचा बारीक कीस मधे अडकलाय.

आता जिवाशी संबंध येतो तो भाग. संगणकाला असतं तसं तीन पिनांचं, फ्यूजवालं सॉकेट लावा. आत अर्थची हिरवी वायर रिंग टर्मिनलनं प्लेटला, आणि तिथला रंग किंवा अ‍ॅनोडायझिंग खरवडून दातेरी वॉशरनं. २३० व्होल्टच्या प्रत्येक जोडावर स्लीव्ह. बॉक्समध्ये पॉलिएस्टरचा कापूस भरला असेल तर त्याचा धागाही अ‍ॅम्पच्या कप्प्यात येता कामा नये. पहिल्यांदा चालू करताना स्पीकर न जोडता, २३० व्होल्टच्या फेज वायरमध्ये १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावून करा. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर कुठंतरी शॉर्ट आहे आणि बल्बनं तुमचा बोर्ड वाचवला. आउटपुटवर डीसी मोजा, काही मिलिव्होल्टच हवेत. बंद केल्यावर कपॅसिटर १०० ओहम ५ वॅटच्या रेझिस्टरनं रिकामे करा. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढायची सवय बऱ्याच जणांना असते. वाईट सवय आहे.

स्पीकर प्रोटेक्शनचा छोटा बोर्ड वगळू नका. त्यावर यूपीसी १२३७ आयसी आणि रिले असतो. अँप्लिफायरची आयसी आतून शॉर्ट झाली तर २७ व्होल्ट डीसी सरळ कॉइलवर जातात. ४ ओहमच्या कॉइलचा डीसी रेझिस्टन्स सव्वातीनच्या आसपास, म्हणजे सव्वादोनशे वॅट, तेही एका जागी थिजलेल्या कॉइलला. आधी वास येतो, नंतर धूर. तो बोर्ड चालू करतानाचा ‘धाप’ पण घालवतो. उलट ऑटो-ऑनचं सर्किट मी शक्यतो टाळतो; रात्री हळू आवाजात सिनेमा बघताना ते सिग्नल नाही समजून सब बंद करतं. साधा स्विच बरा.

हमचं उत्तर: येऊ शकतो, पण कुठून येतो ते पाच मिनिटांत कळतं. आरसीए वायर काढा आणि इनपुट शॉर्ट केलेली पिन लावा. हम गेला तर दोष बाहेर आहे, राहिला तर तुमच्या कप्प्यात. बाहेरचा बहुतेक वेळा केबल टीव्हीच्या कोअ‍ॅक्सिअलमधून किंवा तीन पिनांच्या लॅपटॉप चार्जरमधून येतो. केबल काढून बघा, गेला तर आरसीएच्या मधे ऑडिओ आयसोलेटर लावा. अर्थची पिन मोडून हम घालवणारे महाभाग आहेत. हम जातो, आणि पुढं कधीतरी प्लेट शॉक मारते. आतला असेल तर रेक्टिफायर ते कपॅसिटर या वायरी जाड आणि आखूड करा, सगळे ग्राउंड दोन कपॅसिटरांच्या मधल्या एकाच बिंदूवर आणा, आणि इनपुटची शिल्डेड वायर ट्रान्सफॉर्मरच्या उलट्या बाजूनं न्या. टोरॉइड बोल्ट ढिला करून जागच्या जागी थोडाथोडा फिरवून बघा. एका कोनात हम सगळ्यात कमी होतो, तिथं आवळा.

जोडणीत एकच धोका आहे. रिसीव्हरला सब प्री-आउट (सबसाठीचं वेगळं सिग्नल सॉकेट) असेल तर प्रश्नच नाही. नसेल आणि स्पीकरच्या वायरीवरून सिग्नल घेणार असाल, तर आधी त्या अ‍ॅम्पचं आउटपुट ब्रिज आहे का बघा. हल्लीच्या बऱ्याच क्लास डी अ‍ॅम्पमध्ये काळं टर्मिनलसुद्धा जिवंत असतं. ते तुमच्या सबच्या ग्राउंडला जोडलं की तो अ‍ॅम्प तिथंच गेला. अशा ठिकाणी ट्रान्सफॉर्मरवाला हाय-टू-लो कन्व्हर्टरच वापरायचा.

रिसीव्हरमध्ये क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबला जातो तो आकडा) ८० हर्ट्झला ठेवला असेल तर सबवरचा फिल्टरचा नॉब पूर्ण वर नेऊन ठेवा, दोन फिल्टर एकावर एक नकोत. मात्र सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारा) असलेला प्री-बोर्ड, म्हणजे इनपुटचा छोटा बोर्ड, घ्या, ३० हर्ट्झच्या आसपासचा. पोर्टवाल्या बॉक्समध्ये ट्यूनिंगच्या खाली कोनाला हवेचा आधार राहत नाही, तो नुसता आत-बाहेर भटकतो आणि कॉइल मागं आपटते. फेज ठरवायला ८० हर्ट्झचा टोन बाकीच्या स्पीकरांसकट लावा, बसायच्या जागेवर बसा, दुसऱ्याला स्विच उलटसुलट करायला सांगा आणि जिथं जास्त भरीव ऐकू येईल तिथं ठेवा. कप्पा चढवल्यावर बॉक्स जड होईल, तेव्हा खाली कडक प्लॅस्टिकचे पाय ठेवू नका. जाड रबराचे लावा, नाहीतर बेस स्लॅबमधून खालच्या मजल्यावर जाईल.